हास्याचा परकायाप्रवेश

शोकाला देशांतर सोपें असतें. हास्याला तें जड जातें. पुत्रवियोगानें विव्हळ झालेली माता पॅरिसची असो कीं पंढरपूरची असो, तिचें दुःख समजून घेण्यास दुभाष्याची गरज पडत नाहीं. परंतु एका गांवीं ज्या वाक्यावर सबंध प्रेक्षागृह खदखदतें, तेंच वाक्य दुसऱ्या गांवीं उच्चारलें कीं श्रोते एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. दुःख माणसाचें असतें, हंसें समाजाचें असतें. कोणाला हंसावें, कशाला हंसावें आणि हंसतां हंसतां कोठें थांबावें, याविषयींचे नियम प्रत्येक समाज आपल्यापुरते करीत असतो. आणि ते कोठें लिहून ठेवलेले नसल्यामुळें परकीयाला ते सहसा वाचतां येत नाहींत.

असें असूनहि गेल्या अर्धशतकांत हॉलिवूडनें फ्रेंच विनोदी चित्रपटांचीं रूपांतरें करण्याचा सपाटा लावलेला आहे. एकट्या फ्रांसिस व्हेबेर या लेखकाचें उदाहरण पुरे आहे. त्याच्या लेखणींतून उतरलेल्या कथांवर ‘बडी बडी’ (१९८१), ‘द टॉय’ (१९८२), ‘द मॅन विथ वन रेड शू’ (१९८५), ‘प्युअर लक’ (१९९१), ‘फादर्स डे’ (१९९७) असे एकामागून एक अमेरिकन चित्रपट निघाले. ‘थ्री फ्यूजिटिव्हज्’ (१९८९) तर त्यानें हॉलिवूडमध्यें जाऊन स्वतःच दिग्दर्शित केला. यांपैकीं ‘बडी बडी’ हा बिली वाइल्डरसारख्या विनोदाच्या उस्तादाचा अखेरचा चित्रपट. परंतु त्याच्या हातूनहि मूळ कथेंतला रंग उतरला नाहीं, आणि लोकांनींहि त्याला थंडच स्वागत दिलें. एवढीं अपयशें पदरीं पडूनहि हा उद्योग थांबत नाहीं, आणि मधूनच एखादें रूपांतर असें कांहीं यश मिळवितें कीं सर्व टीकाकारांचीं तोंडें बंद व्हावीं. तेव्हां हा केवळ धंद्याचा प्रश्न म्हणून सोडून देतां येत नाहीं. तो रसिकतेचाहि प्रश्न आहे.

या प्रश्नाचीं दोन ठराविक उत्तरें आहेत. धंदेवाले सांगतात कीं, पडद्याच्या तळाशीं उमटणारीं अक्षरें वाचीत चित्रपट पाहण्याची अमेरिकन प्रेक्षकाला संवय नाहीं; म्हणून चांगली कथा त्याच्यापर्यंत पोंचवावयाची तर ती त्याच्या भाषेंत, त्याच्या ओळखीच्या नटांकडून पुन्हां वठविली पाहिजे. टीकाकार सांगतात कीं, रूपांतर म्हणजे मुळाची विटंबना; द्राक्षारसांत पाणी घालून तो स्वस्त विकण्याचा प्रकार. पहिल्या उत्तरांत तथ्य आहे, परंतु तें अपुरें आहे; कारण ‘ला काज ओ फोल’ हा १९७८ चा फ्रेंच चित्रपट तळाशीं अक्षरें असतांनाहि अमेरिकेंत उत्तम चालला व ऑस्करच्या तीन नामांकनांपर्यंत पोंचला. दुसरें उत्तर सुखावणारें आहे, परंतु तें प्रेक्षकाविषयीं कांहींच सांगत नाहीं. ज्यानें मूळ पाहिलेंच नाहीं त्याला मुळाशीं इमान राखल्याचें सुख नाहीं, आणि न राखल्याचें दुःखहि नाहीं. त्याच्यापुढें एकच चित्रपट असतो, आणि तो त्याला हंसवितो किंवा हंसवीत नाहीं. मग कांहीं रूपांतरांना तो डोक्यावर कां घेतो, आणि कांहींना मान हलवून कां वाटेला लावतो?

याचा उलगडा व्हावयाचा तर हास्याच्या स्वरूपाकडे वळलें पाहिजे. फ्रेंच तत्त्ववेत्ता बर्गसाँ यानें १९०० सालीं हास्यावर जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यांत त्याचें एक मुख्य प्रतिपादन असें होतें कीं, हंसण्याच्या क्षणीं माणसाला हृदय बाजूला ठेवावें लागतें. करुणा जागी झाली कीं हास्य मावळतें. आणि या निर्दयतेला समाजांत कांहीं काम आहे. जो ताठर झाला, जो आपल्या प्रतिष्ठेंत गोठला, त्याला हंसून समाज वठणीवर आणीत असतो. हा विचार फ्रान्समध्यें उपजावा हें योग्यच होतें. मोल्येरपासून फ्रेंच प्रहसनाची परंपरा ही प्रतिष्ठिताला सोलून काढण्याची परंपरा आहे. कृपण, ढोंगी धर्मात्मा, पंडितंमन्य वैद्य यांना तेथें शेवटपर्यंत क्षमा नसते. हॉलिवूडच्या विनोदाची घडण याच्या उलट आहे. तेथें पहिला तासभर वाटेल तो धिंगाणा चालतो. परंतु शेवटच्या पंधरा मिनिटांत हृदयाला जाग यावी, दोषी माणसाला पश्चात्ताप व्हावा, आणि सर्वांनीं एकमेकांना मिठी मारावी, असा संकेतच पडून गेला आहे. एका देशांत हास्य म्हणजे शिक्षा, दुसऱ्या देशांत हास्य म्हणजे समेट. या दोन धर्मांची गांठ पडली कीं काय घडतें, हें कांहीं जोड्या समोर ठेवून पाहूं.

ज्यां रेन्वारचा ‘बूदू सोव्हे देझो’, म्हणजे ‘बुडतांना वांचविलेला बूदू’, हा १९३२ सालचा चित्रपट. सीन नदीकांठीं राहणारा लेस्तँग्वा नांवाचा सुसंस्कृत पुस्तकविक्रेता आपल्या दुर्बिणींतून बाहेरची गंमत पाहात असतां, एक भटक्या पुलावरून उडी टाकतांना त्याच्या दृष्टीस पडतो. तो धांवत जाऊन त्याला वांचवितो, घरीं आणतो, आणि माणसांत आणण्याची खटपट करतो. या परोपकाराबद्दल त्याला पदकहि मिळतें. परंतु वांचलेला बूदू कृतज्ञ होण्याचें साफ नाकारतो. तो बाल्झाकच्या ग्रंथांत थुंकतो, घरधनिणीला वश करतो, आणि अखेर मोलकरणीशीं लग्न लागलें त्याच दिवशीं नाव उलटवून, प्रवाहाबरोबर वाहात जाऊन, एका बुजगावण्याचे कपडे अंगावर चढवून पुन्हां भटक्या होतो. हंसें होतें तें बूदूचें नव्हे. उपकार करून पुण्य साठविणाऱ्या सभ्यतेचें.

१९८६ सालीं पॉल मझुर्स्कीनें याच कथेवरून ‘डाऊन अँड आउट इन बेव्हर्ली हिल्स’ काढला. पुस्तकविक्रेत्याच्या जागीं कपड्यांचे हँगर तयार करणारा एक गबर कारखानदार आला, आणि भटक्या उडी टाकतो ती त्याच्या घरच्या पोहण्याच्या तलावांत. नदीच्या जागीं तलाव आला, ही एकच गोष्ट दोन्ही कृतींतील अंतर सांगण्यास पुरेशी आहे. नदीला पुढें वाट असते. तलावाला चारी बाजूंनीं फरशी असते. बूदू वाहून गेला. अमेरिकन जेरी मात्र घर सोडून निघतो खरा, परंतु थोड्याच वेळांत त्याचीं पावलें मागें फिरतात. आतां हा शेवट म्हणजे रूपांतरकाराचा भ्याडपणा, असें म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. कारण रेन्वारनें स्वतःहि आपल्या मुळाशीं इमान राखलें नव्हतें. रने फोश्वाच्या ज्या नाटकावरून त्यानें चित्रपट घेतला, त्यांत बूदू अखेर संसाराला लागतो. शिवाय मझुर्स्कीचा शेवट त्याच्या समाजापुरता खरा आहे. बंडखोरालाहि पाहुण्यांची खोली देऊन गिळून टाकण्याची जी शक्ति अमेरिकेच्या श्रीमंतींत आहे, तिचें तें मार्मिक दर्शन आहे. प्रेक्षकांनीं या चित्रपटाला चांगला आश्रय दिला, तो ते आपल्याच शेजाऱ्याला हंसत होते म्हणून. हास्याची धार बोथट झाली, पण तिनें नवें लक्ष्य शोधलें होतें.

लक्ष्य न शोधतां कथा उचलली कीं कसा घोटाळा होतो, तो ‘द टॉय’मध्यें पाहावा. व्हेबेरच्या ‘ल झुए’ (१९७६) या मूळ चित्रपटांत एका वृत्तपत्राच्या धनाढ्य मालकाचा मुलगा खेळण्यांच्या दुकानांतून चक्क एका पत्रकाराला खेळणें म्हणून पसंत करतो, आणि नोकरी टिकविण्यासाठीं बिचारा पत्रकार खेळणें होतो. पगार देणारा आणि पगार घेणारा यांच्या नात्यावरचा तो जळजळीत उपहास आहे. अमेरिकेंत हीच भूमिका रिचर्ड प्रायर या कृष्णवर्णीय नटाला दिली, आणि कथा नेली लुइझियानांत. गोऱ्या धनिकानें काळ्या माणसाला मुलासाठीं विकत घ्यावें, हें त्या भूमींत केवळ नोकरीचें रूपक राहूं शकतच नाहीं. तेथें गुलामांच्या बाजाराची आठवण जागी होते. चित्रपटाला ही आठवण होते, तो तिला हात लावतो, आणि चटका बसतांच बालसुलभ धांगडधिंग्यांत दडून बसतो. तीच गोष्ट, तोच प्रसंग. परंतु समाज बदलला कीं तोच विनोद दुसरी जखम उघडी करतो. ज्याला ती जखम दिसत नाहीं त्यानें रूपांतराच्या वाटेस जाऊं नये, आणि ज्याला दिसते त्यानें तिच्याकडे पाठ फिरवूं नये.

परंतु या दोन धर्मांचा खरा संघर्ष पाहावयाचा असेल तर ‘ल दिने द कों’ (१९९८) आणि ‘डिनर फॉर श्मक्स’ (२०१०) ही जोडी घ्यावी. मूळ चित्रपट व्हेबेरनें आपल्याच नाटकावरून तयार केला. फ्रान्समध्यें त्याचीं नव्वद लाखांहून अधिक तिकिटें खपलीं. कांहीं पॅरिसवासी सुखवस्तु मंडळी दर आठवड्याला एक मेजवानी करतात. प्रत्येकानें एक मूर्ख शोधून आणावयाचा, आणि ज्याचा मूर्ख सर्वांत अस्सल तो जिंकला. प्रकाशक ब्रोशां याला असा एक हिरा सांपडतो: आगकाड्यांचे मनोरे रचणारा, सरकारी अर्थखात्यांतला पिन्यों. पण नेमकी त्याच दिवशीं ब्रोशांची पाठ धरते, त्याला हलतां येत नाहीं, आणि त्याच्याच घरांत पिन्यों मदतीला लागतो. त्या एका संध्याकाळच्या मदतीनें ब्रोशांची बायको दुरावते, रखेली उघडकीस येते, आणि करनिरीक्षक घरांत येऊन बसतो.

या चित्रपटांतील सर्वांत मोठी युक्ति अशी कीं, ज्या मेजवानीवरून त्याचें नांव पडलें ती मेजवानी आपल्याला शेवटपर्यंत दिसत नाहीं. दिसण्याची गरजच नाहीं. कारण मूर्खाला समोर बसवून हंसण्याचा तो बेत आपणच पार पाडीत असतों. दीड तास आपण पिन्योंला हंसतों, म्हणजे ब्रोशांच्या पंक्तीला बसतों. आणि शेवटीं पिन्यों जेव्हां त्या बायकोशीं फोनवर ब्रोशांची बाजू मनापासून मांडतो, तेव्हां आपल्या लक्षांत येतें कीं आपण कोठें बसलों होतों. लगेच दुसऱ्या क्षणीं तो पुन्हां घोटाळा करतो आणि सारें मुसळ केरांत जातें. समेट नाहीं, मिठी नाहीं. हंसूं आवरत नाहीं, आणि तें स्वतःलाहि लागल्यावांचून राहात नाहीं.

अमेरिकन रूपांतरानें दोन बदल केले. एक, यजमान टिम याला भला माणूस केलें. त्याला हा दुष्ट खेळ मनांतून आवडत नाहीं, केवळ बढतीसाठीं वरिष्ठांच्या आग्रहाखातर तो त्यांत पडतो. दुसरा, मेजवानी साग्रसंगीत दाखविली; तऱ्हेवाईक पाहुण्यांची जत्राच तेथें भरते, यजमानांची फजिती होते, आणि टिम व त्याचा मूर्ख मित्र यांचें मैत्र जडतें. या दोन बदलांनीं प्रेक्षकाची सुटका झाली. दुष्ट कोण हें ठरलें. ते पडद्यावरचे श्रीमंत लोक. चांगले कोण हेंहि ठरलें, आपण. स्टीव्ह कॅरेलसारखा गुणी नट मेलेल्या उंदरांचे देखावे मांडून जीव ओततो, अधूनमधून हंसूं येतेंहि. परंतु चित्रपट संपला कीं मनावर ओरखडा राहात नाहीं. झालेल्या मोठ्या खर्चाच्या मानानें त्याची मिळकतहि बेताचीच झाली. दयाळूपणानें हास्य वांचत नाहीं, याचा हा दाखला होय.

याच कथेवरचा मुंबईचा ‘भेजा फ्राय’ (२००७) अनेक वाचकांच्या पाहण्यांत असेल. तेथें मूर्ख हा आयकरखात्यांतला गानवेडा गृहस्थ, आणि यजमान संगीताच्या धंद्यांतला बडा आसामी. खर्च अल्प, जागा बहुतांशीं एकाच घराची, आणि यश मात्र अनपेक्षित. त्याचें कारण उघड आहे. ज्याला त्याला आपलें गाणें ऐकवूं पाहणारा मनुष्य आपल्याकडे दर दहा घरांआड भेटतो, आणि त्याला टाळण्यासाठीं केलेल्या युक्त्याहि प्रत्येकाला ठाऊक असतात. आगकाड्यांचे मनोरे गेले, परंतु त्यांच्या जागीं जें आलें तें आपलें होतें.

आतां यशस्वी रूपांतराकडे वळूं. ‘ला काज ओ फोल’ची कथा झां प्वारेच्या १९७३ च्या नाटकावरची. सेंत्रोपेमध्यें रात्रीचें नाचगाण्याचें नाट्यगृह चालविणारा रेनातो आणि तेथील स्त्रीवेषधारी नट आल्बां या दोघां पुरुषांचा कित्येक वर्षांचा संसार आहे. रेनातोच्या मुलाचें लग्न नेमकें एका नीतिरक्षक पक्षाच्या पुढाऱ्याच्या मुलीशीं ठरतें. आणि व्याह्यांच्या भेटीसाठीं त्या घरानें सभ्यपणाचें सोंग घ्यावयाचें ठरतें. १९९६ सालीं माइक निकोल्स यानें इलेन मे हिच्या संहितेवरून ‘द बर्डकेज’ काढला तो जवळजवळ प्रसंगामागून प्रसंग उचलून. तरीहि तो नकल वाटत नाहीं. मायामीच्या समुद्रकांठीं आलेल्या या कुटुंबाला आणखी एक गोष्ट लपवावी लागते: त्यांचें ज्यू असणें. गोल्डमन हें आडनांव पाहुण्यांपुढें कोलमन होतें. एका सोंगावर हें दुसरें सोंग चढलें, आणि कथेचें मूळ अमेरिकेच्या मातींत गेलें. वधूपिता झाला ओहायोचा सेनेटर. आणि ज्या वर्षीं विवाह म्हणजे केवळ स्त्रीपुरुषांचाच, असें ठरविणारा कायदा अमेरिकन विधिमंडळानें संमत केला, त्याच वर्षीं त्या सेनेटराला बायकी पोषाख चढवून वार्ताहरांच्या गराड्यांतून पळ काढतांना लोकांनीं पाहिलें. येथें प्रतिष्ठिताला क्षमा नव्हती, आणि तरीहि लोकांनीं अठरा कोटी डॉलर्सहून अधिक रक्कम त्या चित्रपटाच्या पदरांत टाकली. म्हणजे अमेरिकन प्रेक्षकाला कठोर हास्य पचत नाहीं, ही समजूतहि खोटी. त्याला परक्याचें कठोर हास्य पचत नाहीं, स्वतःचें पचतें.

यावर कोणी म्हणेल, मग ‘थ्री मेन अँड अ बेबी’चें काय? आक्षेप रास्त आहे. कोलीन सेरो या दिग्दर्शिकेच्या १९८५ च्या फ्रेंच चित्रपटांत तीन ब्रह्मचाऱ्यांच्या गळ्यांत एक तान्हें मूल पडतें. पुरुषांच्या स्वैरपणाची थट्टा करतां करतां ती बाई शेवटीं दमून बाळाच्याच बिछान्यांत झोपी गेलेली आई दाखविते, आणि मग आपल्याला समजतें कीं थट्टेमागें केवढी थकावट उभी होती. १९८७ च्या अमेरिकन आवृत्तींत ही थकावट पुसली जाते, आई त्या तिघांच्याच घरीं राहावयास येते, आणि सर्वत्र आनंदीआनंद होतो. तरीहि त्या वर्षीं निघालेल्या चित्रपटांत अमेरिकेंत सर्वांत अधिक उत्पन्न याच चित्रपटाचें झालें. यावरून एवढेंच सिद्ध होतें कीं, गोडवा विकला जातो. परंतु गोडव्याला मिळालेली टाळी आणि हास्याला मिळालेली टाळी एक नव्हे. पहिलींत प्रेक्षक स्वतःवर खूष होतो. दुसरींत तो स्वतःला ओळखतो. उत्पन्नाच्या आंकड्यांना हा भेद कळत नाहीं. तो दाखवून देणें हेंच टीकेचें काम.

आणि रूपांतर कधीं कधीं मुळाच्याहि पुढें जातें, हें मान्य करण्यास टीकाकारानें कां लाजावें? ‘ला फामीय बेलिये’ (२०१४) या फ्रेंच चित्रपटांत बहिऱ्या आईबापांचीं कामें ऐकूं येणाऱ्या नटांनीं केलीं होतीं, आणि बहिऱ्या प्रेक्षकांनीं त्याबद्दल नाराजी दाखविली होती. ‘कोडा’ (२०२१) या अमेरिकन रूपांतरानें शेतावरचें तें कुटुंब मासेमारीच्या होडीवर नेलें, आणि कामें बहिऱ्या नटांनाच दिलीं. त्या चावट, रांगड्या बापाचे विनोद आतां त्याचे स्वतःचे झाले. जो हास्याचा विषय होता तोच हास्याचा कर्ता झाला. २०२२ सालीं या चित्रपटाला ऑस्करचें सर्वोच्च पारितोषिक मिळालें, आणि बापाची भूमिका करणाऱ्या ट्रॉय कॉट्सरलाहि.

मराठी रसिकाला यांत कांहीं अपूर्व वाटण्याचें कारण नाहीं. मोल्येरचें ‘स्गानारेल’ हें १६६० सालचें प्रहसन. त्याच्या आधारें आर्थर मर्फीनें इंग्रजींत ‘ऑल इन द राँग’ (१७६१) रचलें. आणि त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनीं प्रथम ‘फाल्गुनराव’ (१८९३) व पुढें ‘संशयकल्लोळ’ (१९१६) सिद्ध केलें. पॅरिसमध्यें हातांतून गळलेली एक तसबीर अडीचशें वर्षांनीं आपल्या रंगभूमीवर सांपडली. परंतु देवलांनीं रेवतीला कलावंतिणीची मुलगी केल्याबरोबर संशयाला आपल्या समाजांतलें खरेंखुरें कारण मिळालें, आणि फाल्गुनरावाला हंसतांना कोणाहि मराठी नवऱ्याला तो परका वाटला नाहीं. आज ‘संशयकल्लोळ’ पाहणाऱ्याला मोल्येर आठवत नाहीं. हीच मोल्येरची खरी दक्षिणा.

आद्य शंकराचार्यांनीं अमरु राजाच्या मृत देहांत प्रवेश केला, अशी कथा आहे. देह परक्याचा होता, राणीवसा परक्याचा होता, भाषा आणि पोषाख परक्याचा होता. चैतन्य मात्र स्वतःचें होतें. रूपांतराची हीच रीति आहे. गांव बदला, धंदा बदला, नदीचा तलाव करा, आगकाड्यांचें गाणें करा. परंतु मूळ हास्य कोणाचा मुखवटा ओढीत होतें तें विसरूं नका, आणि आपल्या गांवीं तो मुखवटा कोणाच्या तोंडावर आहे तें धुंडाळून काढा. हॉलिवूड पुष्कळदां याच्या उलट करतें. तें देह तेवढा उचलून नेतें, त्याला उंची वस्त्रें चढवितें, आणि तो हलत कां नाहीं म्हणून नवल करतें. प्रेक्षक तें प्रेत ओळखतो. मूळ चित्रपट त्यानें पाहिलेला नसेल, फ्रेंच भाषेचें अक्षरहि त्याला येत नसेल. परंतु समोरची गोष्ट आपल्याविषयीं बोलते आहे कीं नाहीं, हें त्याला पहिल्या दहा मिनिटांत कळतें, आणि त्याबाबतींत त्याला सहसा फसवितां येत नाहीं.